तिळाचा हिशेब आणि पोरांचा खाऊ

(जिल्हा बैठकीत महिलांच्या सत्रात आम्ही केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना राहून गेलेले दोन-तीन आकडे लिहिताना घातले आहेत.)



सकाळपासून कापसाच्या भावावर आणि विजेच्या बिलावर बोलणे झाले. आता आम्हाला वीस मिनिटे दिली आहेत आणि आम्ही बोलणार आहोत पोरांच्या खाऊवर. मागच्या बाजूचे काही भाऊ चहाला उठलेले दिसतात. उठा, हरकत नाही. दाराशी एक पत्र्याचा डबा ठेवला आहे. त्यातली एकेक कापी उचला, दाताखाली धरा आणि मग ठरवा, की हा बायकांचा विषय आहे की शेतीचा.

आमचे गाव खानदेशातले, काळ्या जमिनीचे. आमच्या सासवांच्या काळात प्रत्येक घरी तिळाचे चार तास असायचेच. कपाशीत किंवा बाजरीत मध्ये मध्ये पेरायचे, वेगळे रान लागत नसे. घरची वर्षाची बेगमी व्हायची, भोगीच्या भाकरीला तीळ, संक्रांतीला लाडू, हिवाळ्यात चटणी, आणि उरलेला घाण्यावर. वाण्याकडून तीळ विकत आणला असे सांगायची लाज वाटायची. मग २००२ नंतर बी.टी. कापूस आला, रान सगळे त्याने व्यापले. पलीकडे वऱ्हाडात सोयाबीन पसरले. तीळ काढायला माणूस मिळेना. बोंडे खालून वर पिकत जातात, चार दिवस उशीर झाला की फुटून बी रानात. सप्टेंबरात पाऊस बसला की पिवळे पडून मुळे सडतात. हे सगळे खरे आहे, आम्ही कुणाला दोष देत नाही. पण झाले असे, की ज्या घरात तीळ पिकत होता त्या घरातल्या संक्रांतीला पाव किलोची पुडी दुकानातून येऊ लागली, आणि उरलेले अकरा महिने पोरांच्या तोंडात तीळ म्हणून काही राहिले नाही.

राहिले काय, तर पाच रुपयांचा पुडा. टपरीवर माळ लावून टांगलेला असतो तो. आम्ही एकदा वजन वाचले, १२ ग्रॅम. पाच रुपयांना १२ ग्रॅम म्हणजे किलोला ४१७ रुपये झाले. आमचा मका व्यापाऱ्याने कोणत्या भावाने नेला ते तुम्हाला ठाऊक आहे. आमच्याच घरातले पैसे, आमच्याच पोराच्या हातून, आमच्याच मक्याच्या फुगवलेल्या नळीसाठी जातात, आणि वर पुड्यात अर्धी हवा.

तरीही आम्ही काही केले नसते. पोरे खातात, गप्प बसतात, आपण कापूस वेचायला मोकळ्या. जाग आली ती वेगळ्या कारणाने. आमच्यातल्या एकीची मुलगी पाचवीत. शाळेत तपासणी झाली, तिचे हिमोग्लोबिन निघाले ८.४. त्या वयाला साडेअकराच्या वर पाहिजे. आई म्हणाली, पोरगी काळीसावळी आहे म्हणून तशी दिसते. डॉक्टरीणबाईंनी खालच्या पापणीचा आतला भाग दाखवला, पांढराफटक. पोरगी जिना चढताना बसते, हे आईने आळस समजून दोनदा तिला मारलेही होते. ती बाई हे सांगताना अजून रडते.

आणि ही एकटीची गोष्ट नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या शंभर मुलांत ६७ मुले रक्त कमी असलेली निघाली. हा देशाचा आकडा आहे. धान्य पिकवणाऱ्यांच्या घरची पोरे त्यातून सुटलेली असतील, असे आम्हाला वाटत नाही.

डॉक्टरीणबाईंनी लोहाच्या गोळ्या दिल्या, जंताचे औषध दिले. पोरगी सुधारली ती मुख्यतः त्यांनी. आम्ही तीळ खाऊ घातला आणि रक्त वाढले अशी बढाई आम्ही मारणार नाही, आणि कुणी मारली तर विश्वास ठेवू नका. बाईंनी गोळ्यांबरोबर विचारले होते, की ही दिवसभर खाते काय? त्या प्रश्नाला उत्तर देता येईना, तिथून आमचा तीळ सुरू झाला.

तिळात निम्मे तेल असते, शंभर ग्रॅमला १८ ते २० ग्रॅम प्रथिने असतात. लोह असते, कॅल्शियम असते. पण इथे एक खरी गोष्ट सांगतो. तिळातले कॅल्शियम बरेचसे सालीत असते आणि त्याच सालीत ऑक्झॅलेटही असते, ते त्या कॅल्शियमला धरून ठेवते. त्यामुळे कागदावर आकडा मोठा दिसला तरी सगळे अंगी लागत नाही. बाजारातला पॉलिश केलेला पांढराशुभ्र तीळ घेतला तर साल गेली, कॅल्शियमही गेले. म्हणून तीळ हे दुधाला किंवा हिरव्या भाजीला उत्तर नाही, जोड आहे. लोहाचेही असेच. आंबट फळाबरोबर ते नीट लागते, चहाबरोबर लागत नाही. संक्रांतीला पोरांच्या डोक्यावरून बोरे, हरभऱ्याचे घाटे, उसाचे तुकडे ओततात, बोरन्हाण म्हणतात, आणि त्याच दिवशी तीळ खातात. बोर आणि तीळ एका दिवशी आणणाऱ्या म्हाताऱ्यांना ऑक्झॅलेट ठाऊक नव्हते, पण पोराच्या हातात चहाची बशी देण्याची चूक त्यांनी केली नव्हती. ती आमच्या पिढीने केली. (मागे चहा घेणाऱ्या भावांनी हे मनावर घेऊ नये, त्यांचे वय गेले.)

आधी आम्ही चिक्की केली. चिक्कीचा गूळ वेगळा मिळतो, चिकट, तो घेतला तर पाक चांगला धरतो. साधा गूळ लाडवाला बरा. पाकाची परीक्षा तुम्हाला ठाऊक आहे, थेंब थंड पाण्यात टाकायचा, गोळी वाटीवर आपटल्यावर कट् वाजली पाहिजे आणि मोडली पाहिजे. लांबली तर कच्चा, करपट वास आला तर गेला. चिक्की उत्तम झाली, मोठ्यांनी खाल्ली. पण चार वर्षांच्या आतल्या पोरांना ती देता येत नाही. कडक तुकडा घशात अडकण्याची भीती असते, दात पुरते नसतात. आणि जूनमध्ये पाऊस पडला की गुळाला पाणी सुटते, डब्यात सगळी एक ढेप होते. पोरांना रोज दप्तरात नेता येईल, हाताला चिकटणार नाही, कुरकुरीत राहील असे काही पाहिजे होते.

म्हणून भाजलेल्या कापीकडे वळलो. पूर्वी मे महिन्यात आणि दिवाळीआधी आपण घरचे तूप, साखर, पीठ घेऊन तालुक्याच्या बेकरीवर जायचो आणि नानकटाई भाजून आणायचो, आठवते ना? रांगेत बसायचे, डब्यावर नाव घालायचे, भट्टीवाल्याला सांगायचे जरा लाल कर. तोच रस्ता. फक्त मैद्याऐवजी घरचे पीठ, साखरेऐवजी गूळ आणि पिठाच्या निम्म्याहून जास्त तीळ.

माप लिहून घ्या. गव्हाचे पीठ ३०० ग्रॅम, ज्वारीचे २०० ग्रॅम. नुसती ज्वारी घेतली तर लाटताना तुटते, नुसता गहू घेतला तर कडक होते. तीळ ३०० ग्रॅम, सालासकट. गूळ २५० ग्रॅम. तेल १२५ ग्रॅम, तिळाचे किंवा शेंगदाण्याचे. चिमूटभर मीठ.

तीळ निवडणे हे सगळ्यात मोठे काम आहे आणि आम्ही तेच पहिल्यांदा सोडले. चाळला, पाखडला, झाले असे वाटले. तिळाएवढाच बारीक खडा चाळणीत सापडत नाही. पहिल्या घाण्यात आमच्याच एका पोराचा दात कोपऱ्यातून उडाला. दुधाचा दात होता म्हणून निभावले, पण त्याच्या आजीचा जो तिळपापड झाला तो गावाने ऐकला. आता आम्ही भाताचे तांदूळ रोळतो तसा तीळ पाण्यात रोळतो. तीळ वर वर निघतो, खडा तळाशी बसतो. मग फडक्यावर पसरून कडकडीत वाळवायचा. ओला तीळ भाजला तर चिवट होतो. मंद आचेवर, तडतडायला लागला की दोन मिनिटांत उतरवायचा. रंग बदलेपर्यंत थांबलात तर कडू. निम्मा तीळ भरड कुटायचा, निम्मा तसाच ठेवायचा. कुटलेला तीळ लवकर खवट होतो, म्हणून लागेल तेवढाच कुटा, महिन्याचा कुटून ठेवू नका.

गूळ अर्ध्या वाटी पाण्यात विरघळवून गाळून घ्यायचा, त्यातही रेती असते. पिठाला तेलाचे मोहन कोमट करून चोळायचे, मुठीत धरल्यावर मुटका झाला पाहिजे. मग तीळ, मीठ, थंड झालेले गुळाचे पाणी लागेल तसे. पीठ घट्ट मळायचे. पुरीसारखे तिंबायचे नाही, नुसते गोळा करायचे. अर्धा तास झाकून ठेवायचे. दोन नाणी एकावर एक ठेवल्याएवढी जाडी ठेवून लाटायचे, काट्याने टोचे मारायचे, शंकरपाळ्यासारखे कातायचे.

भट्टी जवळ नसेल तर कढई आहे. जुन्या जाड कढईत दोन बोटे धुऊन वाळवलेली वाळू, वर पालथी वाटी, वाटीवर ताटली, घट्ट झाकण. दहा मिनिटे कढई तापवायची, मग ताटली ठेवून मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटे. चूल असेल तर झाकणावर चार निखारे ठेवा, वरून रंग येतो. रोडगे आणि बट्ट्या भाजणाऱ्या खानदेशी बाईला निखाऱ्याची आच शिकवायला नको. एवढेच लक्षात ठेवा की गूळ साखरेपेक्षा लवकर जळतो. आमचा दुसरा घाणा वरून कोळसा आणि आतून कणीक असा झाला होता, कारण जाड लाटले आणि आच मोठी ठेवली. तिसरा घाणा चांगला भाजला आणि तरीही संध्याकाळी मऊ पडला. कारण शोधायला दोन दिवस गेले. गरम गरम डब्यात भरला होता, त्याची वाफ त्यालाच लागली. कापी भट्टीतून निघते तेव्हा मऊच असते, कुरकुरीतपणा ती गार होताना येतो. जाळीवर दोन तास गार होऊ द्या. तरी मऊ राहिली तर पुन्हा मंद आचेवर दहा मिनिटे ठेवा, सुधारते. पत्र्याच्या घट्ट डब्यात पंधरा दिवस राहते. पावसाळ्यात आठ.

दोन वर्षांच्या पोराला हीसुद्धा कडक पडेल, त्याला दुधात कुस्करून द्या. आणि कुणाच्या पोराला तीळ खाल्ल्यावर ओठ सुजले, अंगावर पित्त उठले, दम लागला, तर दृष्ट काढत बसू नका, दवाखान्यात न्या आणि पुन्हा तीळ देऊ नका. तिळाची अशी बाधा थोड्यांनाच होते, पण होते. अमेरिकेत १ जानेवारी २०२३ पासून खाण्याच्या पाकिटावर तिळाचे नाव स्पष्ट लिहिणे त्यासाठीच सक्तीचे झाले.

पोरांना आवडली. आधी आमच्या, मग शेजारच्या. मग बाया विचारू लागल्या, विकता का? आणि इथे, भावांनो, आम्ही तीच चूक केली जी तुम्ही पन्नास वर्षे करत आलात.

आम्ही हिशेब मांडला. एका घाण्याला पीठ दळणासकट २५ रुपये, तीळ ५०, गूळ १५, तेल २२, जळण आणि कागद १८. एकूण १३०. माल निघतो १ किलो १०० ग्रॅम. १६० रुपये किलोने विकला तर १७६ रुपये. म्हणजे घाण्याला ४६ रुपये नफा! आम्ही पेढे वाटायच्या बेतात होतो. चार महिने असे चालले. हातात चिल्लर खेळत होती, बाया खूश होत्या, फक्त रात्री पाठ दुखत होती.

मग एका बैठकीत कुणीतरी विचारले, मजुरी धरली का? आम्ही म्हणालो, घरचेच तर काम. त्यावर बैठकीत हशा झाला आणि आम्ही खाली बघितले. पिकाच्या उत्पादन खर्चात घरच्या बाईची मजुरी धरा म्हणून ज्या आम्ही घसा फोडला, त्यांनीच आपल्या घाण्यात आपली मजुरी शून्य लिहिली होती.

पुन्हा मांडला. रोळणे, वाळवणे, भाजणे, लाटणे धरून दोघींचे दोन-दोन तास, म्हणजे चार तास. आमच्याकडे बाईचा रोज आठ तासांना ३०० रुपये, म्हणजे १५० झाले. खर्च २८०, आले १७६. घाण्यामागे १०४ रुपये तोटा, आणि तोच आम्ही नफा म्हणून चार महिने मिरवला.

बंद करायचे का? त्यावर आमच्यात दोन तट पडले. शेवटी भट्टीचा रस्ता घेतला. पाच घाणे एकदम मळले, चौघी अडीच तास बसल्या, म्हणजे दहा तास, मजुरी ३७५. बेकरीवाला किलोला २५ रुपये भाजणावळ घेतो, साडेपाच किलोचे १३७. सामान आणि कागद मिळून ६००. एकूण १,११२ रुपये, म्हणजे किलोला २०२ रुपये. आता आम्ही २४० ने विकतो. खाद्य नोंदणी काढली, वर्षाची फी १०० रुपये भरली. गिऱ्हाईक आधी कुरकुरले. आम्ही पुड्याचा ४१७ चा हिशेब डब्यावर चिकटवला, तेव्हा काही गप्प झाले. सगळे नाही.

मग एका संस्थेची मागणी आली. मुलांना वाटायला महिन्याला ४० किलो, भाव १४०, पैसे तीन महिन्यांनी. वर ऐकवले की पोरांसाठी आहे, थोडी सेवा म्हणून करा. आमच्यातल्या तिघी हो म्हणत होत्या, नाव होईल म्हणून. आम्ही नाही कळवले. त्या तिघींपैकी एक आमच्यातून गेली आणि अजून बोलत नाही. आम्हाला त्याचे वाईट वाटते. पण १४० रुपयांत कापी द्यायची तर तीळ कमी करावा लागतो किंवा बाईची मजुरी मारावी लागते, तिसरा मार्ग आम्हाला सापडला नाही. २०१५ साली अंगणवाडीच्या चिक्कीच्या खरेदीवरून राज्यात केवढा गदारोळ झाला होता, ते आठवा. त्या वादात खरे-खोटे काय ते आम्ही ठरवणार नाही. पण पोरांच्या खाऊची खरेदी मुंबईत ठरते आणि तीळ पिकवणारी, कापी भाजणारी बाई गावात बसून राहते, हे तेव्हाही दिसले.

आता तिळाकडे वळू, कारण भाऊ परत आलेले दिसतात.

कापी चालू लागली तशी आम्हाला महिन्याला तीळ लागू लागला. बाजारात घ्यायला गेलो तर १६५ रुपये किलो, आणि तोच तीळ आमच्या शेजाऱ्याने हंगामात १०० च्या आत दिला होता. २०२५-२६ साठी तिळाचा हमीभाव क्विंटलला ९,८४६ रुपये जाहीर झाला. कागदावर चांगला आहे. पण आमच्या बाजारात त्या भावाने तीळ घेणारे सरकारी केंद्र आम्ही पाहिलेले नाही. आणखी एक. सप्टेंबर २०२० मध्ये बेल्जियमने भारतातून गेलेल्या तिळात इथिलीन ऑक्साइड सापडल्याचे कळवले. जंतू मारायला धुरी देतात त्याचा हा अंश, युरोपात त्याला बंदी आहे. तिळाचे पाव, बिस्किटे तिकडच्या दुकानांतून परत काढली गेली. तिकडच्या पोरांसाठी तीळ तपासला गेला. आपल्या संक्रांतीच्या पुडीतला कुणी तपासला? म्हणून ठरवले, आपल्या घाण्याचा तीळ आपल्या रानाचा.

घरात भांडणे झाली. पाण्याखालच्या रानात कुणी तीळ लावते का, असे नवरे म्हणाले. सातबाऱ्यावर आमची नावे नाहीत हे अशा वेळी बरोबर आठवते. एकीने सांगितले, मग कापीचे पैसे घरात येणार नाहीत. दुसऱ्या दिवशी अर्धा एकर मिळाला.

पाच जणींनी मिळून गेल्या खरिपात अडीच एकर केला. पाणी साचणारा कोपरा सोडला, तिळाला उभे पाणी चालत नाही. काढणीला आम्ही स्वतः उतरलो. खालची बोंडे पिवळी झाली, वरची अजून हिरवी आहेत, तेव्हाच कापायचा. पेंढ्या बांधून खळ्यावर उभ्या ठेवायच्या, आठवड्याने उलट्या करून ताडपत्रीवर झाडायच्या, चार दिवसांनी पुन्हा. दोन जणींचे पीक सप्टेंबरच्या पावसात बसले, त्यांच्या हाती पेरल्याएवढेही आले नाही. तिघींना मिळून साडेचार क्विंटल झाला. त्या दोघींना कापीच्या गल्ल्यातून बियाण्याचे आणि मजुरीचे पैसे दिले. द्यावे की नाही यावर पुन्हा रात्रभर वाद झाला तो वेगळाच.

यंदा उन्हाळी तीळही करून पाहायचा आहे. अकोल्याच्या विद्यापीठाचा एकेटी १०१ हा वाण उन्हाळ्याला चालतो, पांढऱ्या दाण्याचा आहे. खरिपाला जळगाव केंद्राचे वाण आहेत, तापी आणि पद्मा. बी हेक्टरी अडीच-तीन किलोच लागते, म्हणजे एकराला किलोभर. चारपट वाळू मिसळल्याशिवाय पेरू नका, नाहीतर एका जागी दाट आणि पुढे रिकामे. उगवल्यावर विरळणी करा, रोपे उपटताना जीव तुटतो, तरी करा.

आम्ही आज सहा किलो बी बरोबर आणले आहे, आमच्याच रानातले, रोळून नव्हे तर पाखडून निवडलेले. एका घराला एक किलो. बैठक सुटल्यावर डाव्या बाजूच्या खांबाजवळ आम्ही बसलो आहोत. नाव आणि गाव सांगा, पैसे हंगामानंतर दिलेत तरी चालतील, पण मार्चमध्ये किती तीळ झाला ते कळवा. डबा रिकामा झाला असेल तर तोही तिथेच आणून ठेवा.